दोन साक्षीदार आणि एक कोपर

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचं एक मासिक होतं. मासिक आपलं म्हणायचं. निघायचं ते तीन महिन्यांतून एकदा, आणि कुलसचिवांनी आपलं मनोगत वेळेवर दिलं नाही तर चार महिन्यांतून. ते काढणाऱ्या बाईंना सगळे संपादकबाई म्हणत. संपादक त्याच, प्रुफं तपासणाऱ्या त्याच आणि पाकिटांवर पत्ते चिकटवणाऱ्याही त्याच. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला, झेरॉक्सचं मशीन आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग यांच्यामधे होती. त्या खोलीत कुणी शिरलं, तर ते एकतर झेरॉक्स काढायला आलेलं असायचं किंवा जिना चुकलेलं.

असलं मासिक काढायला अंगात कला लागते. ती शिकवतात असं म्हणतात खरं. बाईंनाही एकदा कार्यशाळेला पाठवलं होतं, 'माजी विद्यार्थी नियतकालिकांच्या संपादकांसाठी व्यावसायिक कौशल्ये' अशा भारदस्त नावाच्या. तिथे एका चटपटीत तरुणाने पडद्यावर रंगीबेरंगी वर्तुळं दाखवली आणि 'वाचकाशी नातं जोडा' हे इतक्या वेळा सांगितलं, की चहा देणाऱ्या माणसालाही ते पाठ झालं. बाईंनी मान डोलावली, जेवण केलं आणि घरी आल्या. वाचकाशी नातं जोडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. वाचकच सकाळ-संध्याकाळ फोन करून नातं जोडत. "माझ्या बढतीची बातमी आठव्या पानावर, आणि माझ्या वर्गातल्या त्या गाढवाची तिसऱ्या?" अशी त्या नात्याची सुरुवात होत असे.

खरी कौशल्यं निराळीच. नोकरी गेलेल्या माणसाला 'सध्या स्वतंत्र सल्लागार' म्हणायचं. धंदा पुन्हा पुन्हा बुडालेल्याला 'अनुभवी उद्योजक'. ज्याने काहीच केलेलं नाही तो 'निसर्गप्रेमी'. कुलगुरूंच्या टकलावर फ्लॅश चमकलेला फोटो छापायचा नाही, आणि एकाच वर्गातल्या दोन कवींच्या कविता समोरासमोर ठेवायच्या नाहीत. हे सगळं बाईंच्या हातचं होतं. पण त्यांचा जीव होता तो फोटोओळीवर.

फोटोओळ म्हणजे फोटोखाली बारीक अक्षरांत 'डावीकडून' म्हणून सुरू होते ती. लोक लेख वाचत नाहीत. कुलसचिवांचं मनोगत तर त्यांच्या घरीही कुणी वाचत नाही. पण फोटोओळ म्हटली की भिंग घेऊन बसतात. नोकरीला लागल्या त्याच वर्षी बाईंनी एका गृहस्थांशेजारी हसत उभ्या असलेल्या महिलेला त्यांची पत्नी करून टाकलं होतं. पत्नी घरी होती. ती अंक हातात घेऊन खोलीत आली, आणि त्या दुपारी पुढे काय झालं ते बाई अजून कुणाला सांगत नाहीत.

तेव्हापासून त्यांनी एक नियम करून टाकला. जुन्या फोटोत कुणाचं नाव घालायचं, तर त्या प्रसंगाला हजर असलेले दोन जिवंत साक्षीदार हवेत. ज्याचं नाव, त्याची स्वतःची साक्ष धरायची नाही, कारण 'तो मीच' म्हणणाऱ्यांना काही तोटा नसतो. एका फोटोत करंडकाआड लपलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर आजवर चौघांनी हक्क सांगितला होता, आणि त्यातला एकजण त्या साली जन्मलाही नव्हता. हा नियम कुलगुरूंनाही लागू होता. तो एक दिवस आपल्याच घरात येऊन पाट मांडून बसेल, हे मात्र बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं.

झालं असं, की मासिकाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आलं आणि जुन्या अंकांतले निवडक फोटो पुन्हा छापायचं ठरलं. त्यात एक फोटो वादविवादाच्या ढालीचा होता. सगळ्या विद्यापीठांची मिळून मोठी स्पर्धा होई, तिची ढाल या विद्यापीठाने एकदाच जिंकली होती. आधीही नाही आणि नंतरही नाही. फोटोत मधे ढाल, ती धरून हसणारे दोन तरुण, आणि उजव्या कडेला एक कोपर. नुसतं कोपर. कोटाच्या बाहीतलं, चामड्याचं ठिगळ लावलेलं. कोपराच्या पलीकडचा माणूस फोटोबाहेर राहिला होता. खाली मात्र 'विजयी संघ' म्हणून तीन नावं छापली होती. दोन डोक्यांखाली तीन नावं, आणि तिसरं नाव संपादकबाईंच्या सासऱ्यांचं.

सासऱ्यांना घरात बाबा म्हणत. विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, पण बोलण्यातून नाही. आणि त्यांच्या बोलण्याच्या सगळ्या वाटा शेवटी त्या ढालीपाशी जात. पाहुणे, शेजारी, गॅसवाला, कुणीही चालायचं. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनही त्यांनी ती गोष्ट सांगितली होती. विषय होता, 'यंत्रांनी माणसाचं भलं केलं का?' बाबांच्या संघाने यंत्रांची बाजू घेतलेली. समोरचा वक्ता यंत्रांवर तुटून पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला, ढाल गेल्यात जमा. आणि मग शेवटचं भाषण.

इथे बाबा उठून उभे राहत. "मी म्हटलं, माझे मित्र इतका वेळ यंत्रं नकोत असं सांगत होते, ते या ध्वनिक्षेपकातून! त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तो बाजूला ठेवतो. आता मागच्या रांगेला ऐकू आलं नाही, तर त्यांनी माझ्या मित्रांनाच जाब विचारावा!" असं म्हणून ते हाताशी असलेली वस्तू, बहुधा मिठाची बरणी, ध्वनिक्षेपकासारखी दूर सारत. पुढचं सबंध भाषण त्यांना तोंडपाठ होतं.

सासूबाई, म्हणजे आई, यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नव्हतं, असं निदान घरातल्यांना वाटे. त्या मोजकं बोलत. 'जेवायला या', 'दार लावा' आणि 'अहो, पुरे'. मिठाची बरणी सरकली की गॅस बंद केला का बघायला त्या आत जात.

जुना फोटो पुन्हा छापणार हे कळल्यावर बाबा लहान मुलासारखे खूश झाले. रात्रीच्या जेवणाला त्यांनी सुनेला विचारलं, "मोठा छापणार ना गं?"

"फोटो छापणार आहे बाबा," संपादकबाई म्हणाल्या, "पण नाव... तिथे नुसतं कोपर दिसतंय. साक्षीदार लागतील."

"कसले साक्षीदार?"

"दोन. त्या दिवशी तिथे असलेले."

बाबांचा घास हातातच राहिला. "अगं, मी होतो ना तिथे!"

"तुमची साक्ष तुम्हालाच नाही चालत."

"माझ्या कोपराबद्दल माझी साक्ष चालत नाही?" बाबांनी मुलाकडे पाहिलं. "ऐकलंस? तुझी बायको मला माझ्या कोपराचा पुरावा मागतेय!"

मुलगा, म्हणजे संपादकबाईंचा नवरा, गरीब स्वभावाचा. "मला यात नका ओढू," एवढं म्हणून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. आईंनी बाबांच्या पानात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुलसचिवांचा सल्ला घ्यायचा गाढवपणा केला. कुलसचिव म्हणाले, "यात अडचण काय आहे? तीन नावं पूर्वी छापलेली आहेत ना?"

"आहेत."

"मग ती खरी आहेत. आपण आपल्याच अंकावर अविश्वास दाखवायचा का?"

आणि खरं सांगायचं तर मोह झालाच. जुनी ओळ जशीच्या तशी उतरवली असती तर कुणी विचारलंही नसतं. बाबा खूश, कुलसचिव खूश, घरात शांतता. पण बाईंनी आजवर कितीतरी म्हाताऱ्यांची नावं साक्षीदार नाहीत म्हणून गाळली होती, त्यांची रडणी ऐकली होती. आता स्वतःच्या सासऱ्यांसाठी नियम वाकवला, तर त्या सगळ्यांना तोंड कसं दाखवायचं?

त्या विचारात होत्या तोच दार उघडून बाबा आत आले. उन्हाळ्याचे दिवस, आणि अंगात जाड तपकिरी लोकरीचा कोट. घामाने निथळत होते.

"हा घे पुरावा," ते म्हणाले आणि कोपर टेबलावर आपटलं. कोपरावर चामड्याचं ठिगळ होतं. "बघ भिंगातून. ठिगळाच्या वरच्या कोपऱ्यात टाका सुटलाय. फोटोतही सुटलाय."

बाईंनी भिंग घेतलं. फोटोतलं कोपर बघितलं, मग सासऱ्यांचं. झेरॉक्स काढायला आलेला एक कारकून दारात थबकला. एक बाई म्हाताऱ्या माणसाचं कोपर भिंगातून बघतेय असं त्याला दिसलं, आणि तो काही न विचारता परत गेला. टाका खरंच सुटलेला होता. कोट तोच होता, यात तिळमात्र शंका नव्हती.

"कोट पटला बाबा," बाई म्हणाल्या. "पण माझा नियम माणसासाठी आहे."

"म्हणजे माझा कोट मला न घेताच ढाल आणायला गेला होता?"

बाईंनी त्यांना पंख्याखाली बसवून पाणी दिलं आणि साक्षीदार शोधायचं कबूल केलं. फोटोतला एक तरुण केव्हाच वारला होता. दुसरा आता बडा बांधकामवाला झाला होता. विद्यापीठाच्या सभागृहावर, वाचनालयावर आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरही त्याचं नाव होतं. त्याच्या कचेरीत फोन केला की साहेब मीटिंगमध्ये असत. पाना-पानाची प्रुफं पुढे सरकत होती, ढालीचं पान तेवढं अडलं होतं. शेवटी एका दुपारी त्याचा स्वतःचाच फोन आला.

"वादविवादाची ढाल ना?" समोरचा आवाज एकदम तरुण झाला. "अहो, विचारा काय ते!"

"फोटोत उजव्या कडेचं कोपर कुणाचं ते हवंय." बाईंनी बाबांचं नाव सांगून विचारलं, "यांचंच ना?"

"छे छे! तो कुठला! त्याचा घसा बसला होता त्या दिवशी. साफ बसला होता. गळ्याला मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसला होता बिचारा, तोंड एवढंसं करून. ऐन वेळी राखीव वक्ता उभा करावा लागला. एक मुलगी. काडीपैलवान. आम्ही म्हटलं, मेलो आता! आणि मग तिने तो ध्वनिक्षेपक बाजूला सारला हो... अहो, सभागृह असं चिडीचूप!"

संपादकबाईंनी फोटो जवळ ओढला. "ती मुलगी? पण कोट तर..."

"कोटाशिवाय व्यासपीठावर चढू देत नव्हते. तिच्याकडे कुठला असायला? त्यानेच स्वतःचा काढून दिला."

"नाव काय तिचं?"

"नाव काही आठवत नाही बघा. टाचणी म्हणायचो तिला. हळू बोलायची, पण टोचायची. पुढे कुठे गेली कोण जाणे. संघाच्या मंजूर यादीत तिचं नाव नव्हतंच. आणि तुमच्या मासिकाने तर तिला फोटोतूनच उडवली!"

फोन ठेवल्यावर बाई त्या फोटोकडे बघत राहिल्या. काय झालं असेल ते त्यांना आरशासारखं लख्ख दिसलं. त्या काळच्या संपादकापुढे मंजूर नावं होती तीन पुरुषांची आणि फोटोत होती एक मुलगी. नाव बदलायचं म्हणजे अर्ज, शिफारस, सही, पुन्हा सही. फोटो कापायला एक पट्टी पुरे. त्याने नावाला हात लावला नाही, माणूस कापला. आपल्या धंद्यातलं इतकं चोख आणि इतकं नालायक काम बाईंनी पाहिलं नव्हतं. आधी त्यांना हसू आलं, मग मनापासून लाज वाटली.

पण त्याहून मोठं संकट पुढेच होतं. घरी जाऊन बाबांना सांगायचं कसं? ज्या गोष्टीवर हा माणूस आयुष्यभर जगला, ती त्याची नव्हेच, असं सुनेने सांगायचं?

संध्याकाळी त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. आई ओट्याशी बसून मटार सोलत होत्या. बाबा फिरायला गेले होते. बाईंनी आवाज खाली आणला. "आई, एक विचारू? बाबांना सांगू नका. ढालीच्या फोटोतलं ते कोपर... बाबांचं नाहीये."

आई शेंग सोलत राहिल्या. "ठाऊक आहे मला."

"एक मुलगी होती म्हणे. टाचणी."

"कोपर माझं आहे," आई म्हणाल्या, आणि सालं बाजूला केली.

संपादकबाई मटारांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. या बाईला घरात कुणी लागोपाठ दोन वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. हिने सभागृह हलवलं होतं?

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? आधी ते खरं तेच सांगायचे. आम्ही जिंकलो, ढाल आली. लग्नानंतर एकदा पाहुणे आले होते, तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, मी ध्वनिक्षेपक बाजूला सारला. मी चहा घेऊन बाहेर येत होते. पाहुणे वा वा म्हणाले. ह्यांचा चेहरा असा काही फुलला, मला वाटलं, असू दे आजचा दिवस. पाहुणे गेले की बोलू." आईंनी पुढची शेंग घेतली. "आजचा दिवस काही संपलाच नाही बघ."

"राग नाही येत?"

"येतो ना. म्हणून तर गॅस बघायला जाते." त्या जराशा हसल्या. "पण अगं, भाषण कसं पाठ केलंय त्यांनी! मी ते उभ्या उभ्या सुचेल तसं बोलले होते. दुसऱ्या दिवशी मला चार वाक्यंही आठवत नव्हती. त्यांनी अक्षर न् अक्षर जपलं. कोट परत न्यायला आले, तेव्हा मलाच म्हणून दाखवलं. म्हणून तर लग्न केलं."

बाईंचे डोळे भरून आले, पण अंगातला संपादक गप्प बसेना. "आई, मी तुमचं नाव छापू? एक साक्षीदार मिळालाय. तो तुम्हाला ओळखेल का?"

त्यांनी तिथूनच बांधकामवाल्याला फोन लावला आणि फोन आईंच्या हातात दिला. "कोण बोलतंय?" तिकडून आवाज आला.

आईंनी मटारांवरची नजर काढली नाही. "मीटिंगमध्ये असतोस म्हणे सारखा. तेव्हाही मुद्दा सोडून कुठेतरी भटकायचास, मी आणि ह्यांनी किती वेळा ओढून आणायचं तुला?"

मग स्वयंपाकघरभर ऐकू येईल अशी आरोळी आली. "टाचणी!"

एक साक्षीदार झाला. दुसरा जगात एकच उरला होता. पहिल्या रांगेतला, मफलरवाला.

"नाहीतर राहू दे," आई म्हणाल्या.

"तुम्हाला हवंय का पण? खरं सांगा."

आईंचे हात थांबले. "हवंय," त्या म्हणाल्या. "फार हवंय. पण त्यांच्यापाशी मागणार नाही मी. आणि तूही त्यांच्यावर दडपण आणायचं नाहीस. काय घडलं ते सांग हवं तर. त्यांना बोलायचं असेल तर बोलतील."

पान छापखान्यात जायचं त्या सकाळी बाबा पुन्हा कोट घालून खोलीत हजर झाले. त्यांना छापायच्या आधी आपलं नाव डोळ्यांनी बघायचं होतं. बाईंनी प्रूफ पुढे केलं. तिसऱ्या नावाच्या जागी 'ओळख पटलेली नाही' असं होतं.

"हे काय?"

"एकच साक्षीदार मिळाला बाबा."

"काय म्हणाला?"

बाईंनी सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. बसलेला घसा, मफलर, मुलगी, कोट. म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर, म्हणून त्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

बाबा गप्प झाले. बाई सून होऊन आल्यापासून पहिल्यांदाच झाले असतील. शेजारी झेरॉक्सचं मशीन खडखडत राहिलं.

"तिला कळलंय?" शेवटी त्यांनी विचारलं. "तुला हे समजलंय, ते?"

"त्यांनीच सांगितलं. कोपर माझं आहे म्हणाल्या."

"एवढंच?"

"मी विचारलं, तेव्हा हवंय म्हणाल्या. फार हवंय म्हणाल्या. पण तुमच्यापाशी मागणार नाही."

बाबांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. "आधी मी 'आम्ही जिंकलो' असंच म्हणायचो गं," ते म्हणाले. "त्यातला 'मी' कधी पुढे आला, ते माझं मलाच कळलं नाही. ती एकदा जरी म्हणाली असती ना, की अहो, खोटं बोलताय, तर... पण ती गॅस बघायला जायची. मला वाटायचं, ती विसरली असेल. असं कुणी विसरतं का?" त्यांनी कोट काढून टेबलावर ठेवला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. "मी चोर आहे," ते म्हणाले.

"बाबा..."

"मला समजावू नकोस. पेन घे. मी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझा घसा बसला होता. शेवटचं भाषण माझ्या बायकोने केलं, तेव्हा ती माझी बायको नव्हती. तसं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही, माझ्या तोंडूनसुद्धा. झाली साक्ष?"

"झाली," बाई म्हणाल्या. त्यांना प्रूफ धड दिसत नव्हतं.

बाबा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "कोट मात्र माझा आहे. त्याला तर दोन साक्षीदार आहेत."

"आहेत," बाईंनी कबूल केलं. नियम तो नियम.

अंक निघाला. कुलसचिवांनी ढालीच्या पानावर बोट ठेवून विचारलं, एका कोपराला एवढी लांब ओळ कशाला. संपादकबाईंनी कार्यशाळेतल्या तरुणाचा सूर काढून सांगितलं की वाचकाशी नातं जोडलंय. ओळ अशी होती: दोघा तरुणांची नावं, मग 'उजवीकडे कोपर' म्हणून आईंचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, 'विजयी भाषणाच्या वक्त्या', आणि शेवटी 'कोट: त्यांच्या भावी पतींच्या सौजन्याने'. खाली अगदी बारीक अक्षरांत, पूर्वीच्या अंकात फोटो चुकीचा कापला गेला याबद्दल मासिक दिलगीर आहे, असंही होतं. कुणी वाचणार नाही असं वाटलं होतं, पण त्यावरच सर्वांत जास्त फोन आले.

पुढच्या रविवारी बांधकामवाला जेवायला आला. येताना अंकाच्या प्रतींचा गठ्ठाच घेऊन आला होता, जणू अंक त्यानेच काढला होता. ताटं मांडली, पहिले घास झाले, आणि सवयीने बाबा उभे राहिले. संपादकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टीव्हीच्या रिमोटकडे हात नेला.

"त्या दिवशी माझा घसा बसला होता," बाबा म्हणाले. मिठाची बरणी त्यांनी उचलली, जरा वेळ हातात धरली, आणि आईंच्या ताटासमोर नेऊन ठेवली. "पुढचं तू सांग."

आई उठल्या. सगळ्यांना वाटलं, निघाल्या गॅस बघायला. पण त्यांनी पदराला हात पुसले, बरणी बाजूला केली आणि त्या बोलू लागल्या. आवाज हळूच होता, तरी टीव्ही कुणी बंद केला ते कळलं नाही. सुरुवात जुन्याच भाषणाने झाली, त्यात मधे मधे अडखळल्या, बाबांनी शब्द पुरवले. मग भाषण सोडून त्या भलतीकडेच वळल्या. यंत्रांवर बोलल्या, व्यासपीठावर चढायला कोट मागणाऱ्यांवर बोलल्या, फोटो कापणाऱ्यांवर बोलल्या, आणि मग घरात सगळी माणसं एकदम बोलतात त्यावर. बांधकामवाल्याने ताटावरच टाळ्या वाजवल्या. जेवण गार होऊन गेलं.

बाबांना राहवेना. "वा! म्हणजे थोडक्यात हिचं म्हणणं असं..."

"अहो," आई म्हणाल्या, "मधे बोलू नका. माझं अजून संपलेलं नाही."